पाडावयाच्या घराला रंग

जी इमारत पाडावयाची ठरली आहे, तिच्या आंतल्या भिंतींना रंग द्यावा कीं देऊं नये, हा प्रश्न परक्या माणसाला पोरकट वाटेल. गिरगांवांत राहणाऱ्याला तो तसा वाटणार नाहीं. आमच्या चाळीपुरतें बोलावयाचें तर अकरा वर्षें हा प्रश्न दर दसऱ्याला निघत असे आणि दर दसऱ्याला एकाच उत्तरानें मिटत असे: "आतां कशाला? इमारत तर जाणारच आहे!" या एका वाक्याखालीं किती भिंतींचे पोपडे, किती छतांवरचे डाग आणि किती गृहिणींची हौस झांकली गेली असेल, याची मोजदाद कोणीं केलेली नाहीं.

मुंबई बेटावरच्या या जुन्या भाड्याच्या इमारतींना सरकारी भाषेंत 'उपकरप्राप्त' असें भारदस्त नांव आहे. त्यांच्याकडून उपकर घ्यावा आणि त्यांतून त्यांची दुरुस्ती करावी, अशी योजना १९६९ च्या कायद्यानें झाली, तेव्हां अशा इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या कांहीं पडल्या, कांहीं पाडल्या, आणि हजारों अजून उभ्या आहेत. दुरुस्ती मंडळ जिना, गॅलरी, तुळया, छप्पर यांकडे पाहतें; खोलीच्या आंतला रंग ज्याचा त्यानें पहावयाचा. आमच्या इमारतीचे नवे नकाशे एका विकासकानें अकरा वर्षांपूर्वीं आणून दाखविले. दोन सभा झाल्या, पेढे वांटले गेले, आणि नंतर जी शांतता पसरली ती आजतागायत आहे. मध्यंतरीं गिरगांवाच्या पोटांतून भुयारी मेट्रो धांवूं लागली, पण आमच्या इमारतीचा कागद जागचा हलला नाहीं.

पुनर्विकास कोठें होतच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. वरळीच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेथल्या पुनर्विकासाचें भूमिपूजन २०१७ सालीं झालें आणि ऑगस्ट २०२५ मध्यें पहिल्या ५५६ कुटुंबांना प्रत्येकीं ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तळमजल्यावरचे आमचे शेजारी हा दाखला वारंवार देतात, आणि तो खरा आहे. परंतु याच दाखल्याची दुसरी बाजू अशी कीं, भूमिपूजनापासून किल्लीपर्यंत आठ पावसाळे गेले. आणि आमचें तर भूमिपूजनहि झालेलें नाहीं. आठ पावसाळे म्हणजे आठ दिवाळ्या. त्या कोठल्या तरी भिंतींच्या आंतच साजऱ्या करावयाच्या असतात.

माझ्या लहानपणीं हा वाद उद्भवतच नसे, कारण तेव्हां भिंतींना रंग नव्हता, चुना होता. नवरात्र बसण्यापूर्वीं काका कळीचा चुना आणीत. गॅलरींत एका जुन्या पिंपांत ती कळी टाकून वर पाणी ओतलें कीं थोड्याच वेळांत तें खदखदूं लागे. खालीं विस्तव नाहीं आणि पिंपांतून मात्र वाफा निघताहेत, हा चमत्कार पाहण्यासाठीं आम्ही मुलें दाराआड उभीं राहत असूं. जवळ जाण्याची सक्त मनाई असे, कारण डोळ्यांत थेंब उडाला तर डोळाच जावयाचा. दुसऱ्या दिवशीं निवलेला चुना फडक्यांतून गाळून त्यांत थोडा सरस आणि चिमूटभर नीळ मिसळीत. मग कुंच्यानें एक हात आडवा आणि एक उभा. ओला चुना अगदींच मिळमिळीत दिसतो, खालचे डाग त्यांतून स्पष्ट दिसत राहतात, आणि नवखा माणूस हताश होतो. संध्याकाळपर्यंत तीच भिंत लखलखीत पांढरी होई. याचें कारण मला पुढें शाळेंत कळलें. चुना हवेंतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि ज्या चुनखडीला भाजून तो तयार केला, तीच चुनखडी पातळ थरानें भिंतीवर परत येते. म्हणजे चुना देणें हें एका अर्थीं भिंतीवर दगडाचा हात देणेंच होय. शिवाय असल्या भिंतींतून ओल बाहेर पडूं शकते. दोष एवढाच कीं, भिंतीला पाठ टेकली तर सदरा पांढरा होई आणि आईची बोलणीं खावीं लागत.

पुढें डिस्टेंपर आला आणि त्याच्या मागोमाग ऑइलपेंट. गिरगांवकरांना येथें थोडा अभिमान बाळगण्यास जागा आहे. १९४२ सालीं, महायुद्धामुळें परदेशी रंगाची आयात थांबली असतांना, आमच्या या गिरगांवांतच गायवाडींतल्या एका गॅरेजमध्यें चार मित्रांनीं रंगाचा धंदा सुरू केला. त्याचीच पुढें एशियन पेंट्स ही देशांतली सर्वांत मोठी रंगाची कंपनी झाली. १९५४ सालीं आर. के. लक्ष्मण यांनीं तिच्यासाठीं गट्टू नांवाचा खट्याळ मुलगा काढला. कपाळावर केंसांची झुलपें, एका हातांत रंगाचा डबा आणि दुसऱ्या हातांत ठिबकता ब्रश, असें त्याचें ध्यान अनेक वर्षें घरोघर ठाऊक होतें. गट्टूच्या हातांत ब्रश होता, रोलर नव्हता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. वास्तविक कॅनडांतल्या टोरांटो येथील नॉर्मन ब्रेकी यांनीं रंगाचा रोलर १९४० सालींच, म्हणजे गायवाडींतल्या गॅरेजच्या दोन वर्षें आधीं, तयार केला होता. (त्यापासूनचा पैसा मात्र दुसऱ्यांनींच मिळविला, शोधकांच्या कुंडलींत हा योग बहुधा लिहिलेलाच असतो.) परंतु जेथें मजुरी स्वस्त, तेथें श्रम वांचविणारें हत्यार कोण विकत घेणार? आमच्याकडे रंगारी स्वस्त होते, म्हणून ब्रश टिकला.

याचा एक परिणाम असा झाला कीं, आमच्यासारख्या घरांचा भिंतीशीं असलेला हातचा संबंध तुटला. चुना हें सणाचें कृत्य असल्यामुळें काकांना कुंचा धरण्यांत कमीपणा वाटत नसे. ऑइलपेंट येतांच तें 'रंगाऱ्याचें काम' झालें. रंगारी बोलवावा, खुर्चीवर बसून देखरेख करावी, त्याला चहा द्यावा आणि शेवटीं ठरलेल्या रकमेंतले दोनशें रुपये कमी देतां येतील काय तें पहावें, एवढेंच आमच्या हातीं राहिलें. हें कांहीं फारसें शोभादायक नव्हतें.

२०२५ च्या दसऱ्याला नेहमींचा प्रश्न निघाला आणि नेहमींचें उत्तर कोणी देण्यापूर्वींच काकू बोलली. काकूचें वय पंचाहत्तर. ती म्हणाली, "इमारत जाईल तेव्हां जाईल. ती आधीं जाते कीं मी आधीं जातें हें कोणीं पाहिलें आहे? या दिवाळीला मला हे पोपडे पहावयाचे नाहींत." यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. एका कंत्राटदाराला बोलावलें. त्यानें दोन्ही खोल्या आठ दिवस पूर्ण रिकाम्या करून मागितल्या. सात माणसें, दोन कपाटें, देव्हारा आणि शिवणयंत्र आठ दिवस कोठें न्यावयाचें हें सांगणें त्याचें काम नव्हतें. दादरला हिंदु कॉलनींत आत्याकडे असा रंग होतो. तेथें एक खोली बंद ठेवून दुसऱ्या खोलींत राहतां येतें. चाळींतल्या बिऱ्हाडाला एका वेळीं अर्धीच खोली रिकामी करतां येते, आणि अर्ध्या खोलीसाठीं कोणी रंगारी येत नाहीं. तेव्हां माझा पुतण्या ठाकुरद्वारच्या एका दुकानांतून ९ इंची एक रोलर, ४ इंची दुसरा, उतरत्या तळाचा एक ट्रे, दोन ब्रश आणि एक लांब काठी घेऊन आला.

रंग देण्याचें काम वाटतें तेवढें अवघड नाहीं. अवघड आहे तें त्याच्या आधींचें. पाऊस ओसरल्यावर आठ दिवस भिंती वाळूं दिल्या. मग प्रत्येक भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनीं चिकटपट्टीनें घट्ट लावून एक रात्र ठेवला. सकाळीं तीन भिंतींवरचे तुकडे कोरडे होते. पश्चिमेच्या भिंतीवरच्या तुकड्याला आंतून दंव आलें होतें. या भिंतीवर पावसाची झड थेट बसते, आणि तिला लोणा लागून कित्येक वर्षें झालीं होतीं. तिच्यावर प्लॅस्टिकचा रंग लावणें म्हणजे ओल्या अंगावर मेणकापड गुंडाळणें होय. ओल आंत कोंडते आणि वर्षाच्या आंत रंगाचे फुगे येतात. आजपर्यंत दर वेळीं तेंच झालें होतें. काकूनें निर्णय दिला: "त्या भिंतीला चुनाच." मात्र चुना जुन्या डिस्टेंपरवर किंवा ऑइलपेंटवर धरीत नाहीं, म्हणून ती भिंत पार गिलाव्यापर्यंत खरवडावी लागली.

या खरवडण्याविषयीं एक सूचना मुद्दाम देतों, कारण ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें ती ठाऊक असणें अगत्याचें आहे. जुन्या ऑइलपेंटांत शिसें असे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून अमलांत आला. त्याच्या आधींच्या थरांची हमी कोणी देऊं शकत नाहीं. असा थर कोरडा घांसला तर त्याची धूळ श्वासावाटे आणि बोटांवाटे पोटांत जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती सर्वांत घातक. म्हणून आम्हीं भिंत पाण्यानें भिजवून, नाकातोंडावर मुखपट्टी लावून खरवडली. निघालेले पोपडे ओल्या कागदांतच गुंडाळले, जमीन झाडली नाहीं तर पुसली, आणि दोन्ही मुलांना तीन दिवस आत्याकडे दादरला पाठविलें. त्यांचा तेथें शिवाजी पार्कवर इतका चांगला वेळ गेला कीं, परत येतांना तीं रडलीं.

खरवडतांना भिंतीची वंशावळच हातीं लागली. सर्वांत वर मोतिया, त्याखालीं फिकट गुलाबी, त्याखालीं आत्याच्या लग्नांतला पिस्ता, मग आकाशी, आणि सर्वांत खालीं निळसर झांक असलेला काकांचा चुना, थरावर थर. पिस्ता रंग दिसतांच काकू हंसली. त्या लग्नांत वरपक्षाच्या एका विहिणीनें भिंतीच्या रंगावरून टोमणा मारला होता, आणि त्याला काकूनें दिलेलें उत्तर चाळींत बरेच दिवस सांगितलें जात असे. तें येथें छापण्याजोगें नाहीं.

मग रोलर. प्रथम छत, नंतर भिंती, आणि भिंतीवरहि वरून खालीं, हा क्रम मोडूं नये. छताचे शिंतोडे भिंतीवर पडणारच. आमचें छत सपाट नाहीं, लांकडी तुळया आणि त्यांवर फळ्या असें आहे. त्याला पूर्वींचा ऑइलपेंट होता, त्यावर पाण्याचा रंग धरीत नाहीं. म्हणून त्याची चकाकी मोडेपर्यंत ओल्या काचकागदानें घांसून प्रायमर द्यावा लागला. फळ्यांवर ४ इंची रोलर काठीला लावून फिरविला, तुळयांना ब्रश. हें काम माझ्या धाकट्या भावजयीनें केलें. डोळ्यांवर चष्मा, डोक्याला पंचा बांधलेला, मान वर करून तिनें दोन दिवसांत छत पुरें केलें, आणि तिसऱ्या दिवशीं मान खालीं वळेना. छत रंगविणाऱ्या माणसाला आपण जी मजुरी देतों ती कमी आहे, असें तिनें त्या दिवशीं जाहीर केलें, आणि घरांत कोणीं तिच्याशीं वाद घातला नाहीं.

भिंतींचे कोंपरे, खिडक्यांच्या कडा आणि बटनांच्या भोंवतालची जागा ब्रशानें आधीं करून घ्यावी, आणि ती ओली आहे तोंच रोलर तिच्यापर्यंत न्यावा; मग जोड दिसत नाहीं. रोलर रंगांत बुडवावयाचा नसतो. ट्रेच्या उतारावर तो चार वेळां पुढेंमागें फिरवून सर्व बाजूंनीं सारखा भिजवावा, उचलला असतां ठिबकतां कामा नये. भिंतीवर प्रथम तिरक्या तीन-चार रेघा ओढाव्या, मग त्यांमधली जागा भरावी, आणि शेवटीं वरून खालीं एक हलका हात फिरवावा. दोन-तीन फुटांच्या पट्ट्यानें पुढें सरकावें आणि मागच्या पट्ट्याची कड सुकण्यापूर्वीं तिला गांठावें. पंखा बंद. पंखा चालू राहिला तर कड लवकर सुकते आणि पट्टे कायमचे उमटतात. खडबडीत भिंतीला जाड लोकरीचा रोलर लागतो, गुळगुळीत भिंतीला आंखूड लोकरीचा. लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीच्या अंगाचा रंग फवाऱ्यानें देतात, कारण मूर्तीच्या वळणांत रूळ शिरत नाहीं. भिंतीला मात्र रूळासारखें हत्यार नाहीं.

पुतण्याचा हात जड होता. तो रोलर दाबून शेवटचा थेंब पिळून घेऊं पाही, आणि रोलरच्या दोन्ही टोकांना रंगाच्या जाड रेषा उठत. काकू थोडा वेळ पाहत बसली, मग उठून तिनें रोलर त्याच्या हातून घेतला. "अरे, पोळी कधीं लाटली नाहींस म्हणून असें होतें. कडेला आलास कीं हात हलका कर." छातीइतक्या उंचीपर्यंतची सबंध उत्तरेची भिंत तिनें केली. तिच्या भागांत एकहि रेषा नाहीं. पुतण्यानें नंतर खरोखरच पोळ्या लाटण्याचा प्रयत्न केला. त्याविषयीं बोलण्याचें हें स्थळ नव्हे.

हिशेब ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठीं: आमची बाहेरची खोली १० फूट रुंद, १६ फूट लांब, म्हणजे बरोबर वरळीच्या त्या खोल्यांएवढी, आणि ११ फूट उंच. चारी भिंती ५७२ चौरस फूट. दारें, खिडक्या आणि भिंतींतलीं कपाटें वजा जातां सुमारें ४८०. त्यांतून चुन्याची भिंत काढली कीं उरल्या ४००. जुन्या भिंती रंग पितात. आम्हांला एका लिटरांत एका हाताला १०० चौरस फूट मिळाले, आणि दोन हातांना आठ लिटर रंग लागला. रंग इमल्शन, फिकट पिवळा. पश्चिमेची भिंत मीं कुंच्यानें केली. पातळ चुना रोलरवर ठरत नाहीं, सगळीकडे उडतो. कळी भिजविण्याचें काम पिंपाजवळ उभें राहून काकूनें करवून घेतलें.

दोन्ही खिडक्यांच्या मध्यें जी भिंत आहे ती काकांची जागा. काकांना जाऊन आठ वर्षें झालीं. कचेरीतून आल्यावर, आणि पुढें पेन्शनीत निघाल्यावर दिवसभर, ते त्या भिंतीला डोकें टेकून वर्तमानपत्र वाचीत. डोक्याला भरपूर खोबरेल. तेथें एक वाटीएवढा तेलाचा डाग होता. पहिला हात सुकला तेव्हां तो पुन्हां पिवळट उमटला. काकू म्हणाली, दुसऱ्या हातानें जाईल. दुसऱ्या हातानेंहि तो गेला नाहीं. तेल पाण्याच्या रंगांतून वर येतेंच. आमच्या सौभाग्यवतींनीं सुचविलें कीं, तेवढ्या जागेला तेलाचा प्रायमर लावला म्हणजे डाग खालींच दबेल. छताचा उरलेला डबा घरांतच आहे. पुतण्या डबा उघडूं लागला. काकूनें विचारलें, "नाहीं लावलें तर काय होईल?"

"दिसत राहील. थोडा वाढेलहि."

"मग राहूं दे. कॅलेंडर कोठें तरी टांगावयाचेंच आहे."

कॅलेंडर तेथें टांगलें. तें पुरेसें मोठें नाहीं. खालून डागाची कड दिसते.

पाडव्याच्या दिवशीं तळमजल्यावरचे शेजारी फराळाला आले. त्यांनीं भिंतींवरून हात फिरविला, चुन्याची भिंत पाहून थोडे थबकले आणि म्हणाले, "छान झालें, पण इमारत तर..." वाक्य त्यांनीं पुरें केलें नाहीं. काकूनें त्यांच्या बशींत आणखी एक करंजी घातली. चार दिवसांनीं त्यांची सून रोलर मागावयास आली. धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळून, उभा टांगून वाळवून द्यावा, या अटीवर तो दिला. तिच्याकडून तो शेजारच्या बिऱ्हाडांत गेला आणि तेथून वर. लोकर आतां बरीच झिजली आहे, तेव्हां नवी घ्यावी लागेल. दांडा मात्र शाबूत आहे. तो आम्हीं शेवटचा पाहिला तो दुसऱ्या मजल्यावर. तेथें मुंज निघाली होती, आणि छतासाठीं लांब काठीहि मिळेल काय, असें त्यांनीं विचारलें होतें.